उंदराचे जठर आणि आपले ताट



२ जानेवारी १९५० रोजी आयरीन जोलियो-क्युरी यांच्या हस्ते चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले, ते याच कोलकाता शहरात. येथे कर्करोग आणि आहार यांविषयी बोलताना शब्द जपूनच वापरावे लागतात. तुपातील मेदाम्ले पोटाचा कर्करोग टाळतात, असे छातीठोकपणे सांगणारे अनेक जण आपल्याला भेटतात.

या समजुतीमागे एक खरा प्रयोग आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परिझा आणि त्यांचे सहकारी भाजलेल्या मांसातील घातक द्रव्यांचा शोध घेत होते. हाती लागले ते नेमके उलट गुणाचे द्रव्य, संयुग्मी लिनोलेइक आम्ल. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणूंमुळे ते तयार होते व दूध, लोणी, तूप यांत अल्प प्रमाणात आढळते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना बेंझोपायरीन हे धुरातही आढळणारे कर्करोगकारक द्रव्य देण्यापूर्वी चार व दोन दिवस हे आम्ल पाजण्यात आले. हा क्रम चार आठवडे चालला. तीस आठवडे वयाच्या या उंदरांत गाठींची संख्या इतरांच्या सुमारे निम्मी भरली. करडईच्या तेलात विपुल असलेल्या साध्या लिनोलेइक आम्लाने मात्र असा लाभ दिला नाही.

निष्कर्ष महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्या गाठी होत्या कोठे? उंदराच्या अग्रजठरात. अन्न साठविणारा, त्वचेसारख्या थरांनी मढलेला हा भाग मानवी जठरात नसतोच. आपल्याकडील जठराचा कर्करोग बहुधा ग्रंथींच्या पेशींतून उद्भवतो आणि त्याचे प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होय. १९९४ मध्ये त्याची गणना निश्चित कर्करोगकारकांत झाली.

या जिवाणूचा अभ्यास कोलकात्यातही झाला. त्या वेळच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेतील आशिष मुखोपाध्याय आणि सहकाऱ्यांना २००० मध्ये असे दिसले, की रोगाशी जोडली जाणारी त्याची जनुके व्रणाच्या रुग्णांत आढळतात, तशीच निरोगी माणसांतही. भारतात हा संसर्ग सर्वदूर आहे, तरी जठराच्या कर्करोगाचे प्रमाण एकंदरीत कमी आहे. मिझोराममध्ये मात्र ते फार मोठे आहे. तेथील अभ्यासांत तंबाखू, धुरावलेले व खारवलेले मांस यांच्याबरोबर 'सा-उम' हाही संशयित ठरला. सा-उम म्हणजे आंबवलेली डुकराची चरबी! तेव्हा 'मेद' या एका शब्दाखाली सर्वांना एकच प्रमाणपत्र देता येणार नाही.

माणसांवरील पुरावा पाहावयाचा तर चीनमधील शांडोंग प्रांताकडे वळावे लागते. १९९५ मध्ये तेथे ३,३६५ व्यक्तींना सामावून घेणारी चाचणी सुरू झाली. जिवाणूचा संसर्ग असलेल्यांना केवळ दोन आठवडे औषधोपचार देण्यात आले होते. बावीस वर्षांनंतरही त्यांच्यात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले आढळले. तूप ज्याला मानवते त्याने ते भातावर अवश्य घ्यावे. मात्र अपचन आठवडेच्या आठवडे टिकले, वजन उतरू लागले किंवा शौचास काळे होऊ लागले, तर दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी त्वरित करून घ्यावी.