परतीचं तिकीट



व्याख्यानमालेचं आमंत्रण घेऊन कार्यवाह घरी आले तेव्हा त्यांनी विषयही आणला होता, ‘कंबोडियातील माझे दिवस’. या विषयावर मी याच इंदुरात पाच-सहा वेळा बोललो आहे. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं असेल. अंगकोर वाट, मेकाँग नदी, सुरुंगांनी पाय गेलेली माणसं, लाकडी खांबांवर उभी घरं. त्या प्रत्येक भाषणात मी एक गोष्ट गाळत आलो. २०१९ च्या जानेवारीत ती गोष्ट एका बाईंना सांगण्यासाठी मी मुंबई, सिंगापूर, मनिला असं करत फिलिपिन्सच्या इलोइलो प्रांतात गेलो. तिथे सांगून झाली, म्हणून आज तुमच्यासमोर सांगायचं धाडस करतो.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला कंबोडियाच्या चार गटांत शांतता करार झाला. १९७५ ते १९७९ ही पोल पॉटची वर्षं आणि त्याच्या आगेमागे चाललेली लढाई, यातून उरलेल्या देशात निवडणूक घ्यायची होती. ते काम संयुक्त राष्ट्रसंघाने स्वतःकडे घेतलं. यासुशी अकाशी हे जपानी अधिकारी प्रमुख, हाताखाली सैनिक, पोलिस आणि नागरी कर्मचारी मिळून सुमारे २२,००० माणसं. आपल्या सेनेची तुकडीही होती. आणि तालुक्या-तालुक्यात मतदार नोंदवायला चारशेहून अधिक स्वयंसेवक. त्यांतला मी एक. वय ३१, शाळेत भूगोल शिकवत होतो, बिनपगारी रजा घेऊन गेलो. निवडणुकीचा अनुभव विचारला होता. मध्य प्रदेशात सरकारी मास्तर असणं हाच निवडणुकीचा अनुभव, हे इथे बसलेल्या शिक्षकांना सांगायला नको. पीठासीन अधिकारी म्हणून टेबलावर रात्री काढलेल्या होत्या, तेवढ्यावर निवड झाली.

मला कांपोंग चाम प्रांत मिळाला. लाल माती, फ्रेंचांच्या काळातले रबराचे मळे. जोडीला फिलिपिन्सच्या एक शिक्षिका, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. तिथल्या टागालोग भाषेत थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. बाकीचे फिलिपिनो त्यांना आते म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो, आणि महिनाभरात अहो-जाहो गळून पडलं. आपल्या कानाला ती आत्याबाईच वाटते, आणि वागायलाही ती तशीच होती. पाणी उकळलं का, मच्छरदाणी नीट खोचली का, आईला पत्र टाकलं का. १९८६ साली मार्कोस यांच्या विरोधातली ती गाजलेली निवडणूक झाली, तेव्हा ती मतदान केंद्रावर होती. पेटी पळवून नेऊ नये म्हणून तिच्यावर बसून राहिले, असं ती सहज सांगायची.

तिसरा होता आमचा दुभाषा. बावीस वर्षांचा ख्मेर मुलगा, बाप पोल पॉटच्या काळात गेलेला. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत इंग्रजी शिकला होता. त्या वर्षभरात साडेतीन लाखांहून अधिक माणसं अशा छावण्यांतून परत आणली गेली, त्यांतलाच हा. आम्हा दोघांनाही तो ‘बाँग’ म्हणे. ख्मेरमध्ये थोरल्या भावालाही बाँग, थोरल्या बहिणीलाही बाँग.

ऑक्टोबर १९९२ ते जानेवारी १९९३ नोंदणी चालली. देशभरात सत्तेचाळीस लाख नावं लागली. प्रत्येकाला फोटोचं कार्ड मिळे. म्हाताऱ्या बायका ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चौकड्यांच्या उपरण्यात बांधून ठेवत. कित्येकींचा तो आयुष्यातला पहिला फोटो असावा. मी आयुष्यात काही चांगलं काम केलं असेल तर ते त्या चार महिन्यांत.

८ एप्रिल १९९३ ला शेजारच्या कांपोंग थोम प्रांतात आमच्यासारखाच एक स्वयंसेवक, पंचवीस वर्षांचा आत्सुहितो नाकाता, मारला गेला. त्याच्याबरोबर त्याचा ख्मेर दुभाषाही. बातमी वायरलेसवर आली तेव्हा आम्ही तिघं भात खात होतो. त्यानंतर काही स्वयंसेवक परत गेले. तशी मुभा होती, कोणी अडवलं नसतं. कारण एवढंच लिहायचं होतं की मला भीती वाटते.

मी तसं लिहिलं नाही. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आहे, असं लिहिलं. आई इथे रामबागेत ठणठणीत होती, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी करत होती. आतेलाही मी तेच सांगितलं. तिने माझी बॅग भरली, आईसाठी फिलिपिन्सहून आणलेलं सांधेदुखीचं तेल दिलं. एप्रिलच्या शेवटी मी विमानात होतो.

निवडणूक २३ ते २८ मे या दिवसांत झाली. जवळजवळ नव्वद टक्के मतदान झालं. आकडा मी इथे, राजवाड्याजवळच्या वाचनालयात उभ्याने वाचला. त्यानंतर या शहरात मला भाषणाला बोलावू लागले. कंबोडियात निवडणूक घेऊन आलेले सर, अशी ओळख करून देत. ती मी कधी दुरुस्त केली नाही. नाकाताच्या वडिलांनी मुलगा गेल्यावर नोकरी सोडली आणि स्वयंसेवकांच्या कामाचे मानद राजदूत म्हणून ते देशोदेशी फिरले. त्यांच्याविषयी कुठे छापून आलं की मी पान उलटत असे.

आतेची पत्रं येत राहिली. प्रत्येकात आईची चौकशी. काय उत्तर द्यायचं? बरी आहे म्हणावं तर मग अत्यवस्थ कशी होती, आणि गेली म्हणावं तर जीभ रेटेना. मी उत्तरं देणंच थांबवलं. १९९६ नंतर पत्रं बंद झाली. मग एकवीस वर्षांनी, एका जुन्या स्वयंसेवकाने सगळ्यांना फोनवरच्या एका गटात गोळा केलं. तिथे पहिल्याच दिवशी तिचा निरोप आला: ‘ये एकदा.’

इलोइलो शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर मियागाओ नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर नारळाचं झाड कोरलं आहे, पपई आहे, पेरू आहे. परक्या धर्माच्या देवळात गावातली झाडं बसवणारे ते कारागीर मला फार आवडले. आते तिथेच राहते. गावात तिला कोणी आते म्हणत नाही, ‘मानांग’ म्हणतात. घरात किनाराय-आ, शहरात गेलं की हिलिगायनोन, शाळेत टागालोग आणि इंग्रजी. नातवंडं घरातली भाषा अर्धीच बोलतात, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, आमच्या इंदूरच्या मराठी घरांत एकदा येऊन बघ.

मी तिच्यासाठी माहेश्वरी साडी नेली होती. त्या गावातही हातमाग आहेत. तिने पदर उलटा करून विणीची मागची बाजू आधी पाहिली, मग नक्षी.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो. कसल्या म्हणाल, तर तुरीच्या. तिकडे तिला ‘काद्योस’ म्हणतात. तुरीचे दाणे आणि कच्चा फणस एकत्र शिजवतात, आणि आंबटपणाला एक फळ घालतात ते आपल्या आमसुलाच्याच जातीचं. ते लोक त्यात डुकराचं मांस घालतात, माझ्यासाठी तिने ते वगळलं होतं. घरचीच भाजी वाटली. त्या वासामुळे असेल, मी एकदम बोलून गेलो. “आते, त्र्याण्णव साली आई आजारी नव्हती. मला भीती वाटली होती.”

तिचे हात थांबले नाहीत. वाटी भरली, मग ती उठली आणि आतून एक वही घेऊन आली. तिकडे १ नोव्हेंबरला लोक स्मशानात जाऊन आपल्या मृतांसाठी मेणबत्त्या लावतात. त्या दिवसाची नावांची यादी होती. नवरा, आईवडील, सासू, आणि खाली १९९६ पासून माझ्या आईचं नाव. माझी पत्रं थांबली त्यावरून तिने जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

“केव्हा गेली ती?” तिने विचारलं.

“२००९ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन.”

आपल्याकडे म्हणतात, जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तुझ्या मेणबत्त्यांनी आईला तेरा वर्षं दिली, असं मी बोलून पाहिलं. ती हसली नाही. बाहेर जाऊन कपडे वाळत घालू लागली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या दुपारी मी खोलीत बसून काय करत होतो ते सांगतो. विमानाचं तिकीट अलीकडच्या तारखेला बदलून मिळतं का, ते फोनवर पाहत होतो. वय ५८, आणि पुन्हा तेच. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा फोन पालथा ठेवला.

दिवेलागणीला ती येऊन बसली. “भीती वाटते म्हणाला असतास तर मीच म्हटलं असतं, जा. मला वाटत नव्हती का? रात्री दाराला टेबल लावून झोपायची मी. पण तुझं खोटं मला खरं म्हणून सांभाळायला लावलंस, तेही न विचारता.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि त्याला.”

म्हणजे आमच्या दुभाषाला. माझ्या वाट्याच्या गावांतली मतदान केंद्रं त्या मुलाने चालवली होती. कागदावर तो शेवटपर्यंत दुभाषाच राहिला. मेच्या त्या दिवसांत पहाटे पेट्या घेऊन जाणारा तोच, आणि दर अष्टमी-पौर्णिमेला माझ्या आईच्या नावाने विहारात भात घेऊन जाणाराही तोच. “आपण दोघं स्वयंसेवक,” आते म्हणाली. “आपल्या खिशात परतीचं तिकीट होतं. मी वापरलं नाही एवढाच फरक. त्याला कुठे परत जायचं होतं?” छावणीतून तो आधीच परत आलेला होता, मित्रहो. हाच त्याचा देश होता. नाकाताबरोबर कोण मेलं, हे मी इतक्या वर्षांत एकाही भाषणात सांगितलं नव्हतं, हे मला त्या ओसरीवर आठवलं.

मग तिने फोन काढला आणि कांपोंग चामला लावला. पडद्यावर पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस दिसला. मागे दुकानाची फळी होती. त्याने मला ओळखलं, हात जोडले, आणि पहिला प्रश्न विचारला, “बाँग, आई कशा आहेत?”

मी म्हटलं, गेल्या, २००९ साली. तो गप्प झाला, म्हणाला, म्हणजे तेव्हा बऱ्या झाल्या होत्या तर. मी हो म्हटलं. आते शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

हे काही फोनवर दुरुस्त करायचं काम नव्हतं. २०२० साली दोघांनी तिकडे जायचं ठरलं, आणि त्या वर्षी काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. नंतर तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता पावसाळा संपला की निघायचं आहे. ती मनिलाहून येईल, मी इथून. फ्नोम पेन्हला भेटायचं आणि पुढे बसने कांपोंग चामला. तिने कळवलं आहे की या वेळी आधी मी बोलायचं, ती मागे उभी राहील.