‘कॅरी’ : एका क्रियापदाचा खटला



इंग्रजी क्रियापदावर व्याख्यान आहे असे वाचून, उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याकरणाचा तास ऐकावा लागणार की काय, अशी धास्ती काहींना वाटली असेल. ती अगदीच निराधार नाही. थोडे व्याकरण येणारच. परंतु ज्या क्रियापदाविषयी आम्ही आज बोलणार आहोत, त्याच्या अर्थावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायाधीशांत दोन तट पडले, आणि त्या अर्थावर माणसांची पाचपाच वर्षे अवलंबून होती. ते क्रियापद म्हणजे ‘कॅरी’.

शाळेत आपण याचा अर्थ शिकलो तो ‘नेणे’. मास्तरांनी फळ्यावर लिहिला, आपण वहीत उतरवला आणि प्रकरण मिटले. पुढे मात्र हे क्रियापद जागोजागी भेटते आणि वहीतला अर्थ त्याला कोठेच पुरत नाही. सभेत ठराव ‘कॅरी’ होतो, तेथे कोणी काही उचलून नेत नाही. ठराव संमत होतो. तारेतून वीज ‘कॅरी’ होते, तेव्हा आपण म्हणतो वीज वाहते. वर्तमानपत्र बातमी ‘कॅरी’ करते म्हणजे छापते, आणि दुकानदार एखादा माल ‘कॅरी’ करतो म्हणजे तो माल नेत नाही, उलट दुकानात ठेवतो! बेरजेत सात आणि पाच बारा झाले, दोन मांडले आणि एक ‘कॅरी’ केला, त्याला आपल्या आज्यापणज्यांनी ‘हातचा एक’ असे नाव दिले आहे, आणि आमच्या मते ते इंग्रजीपेक्षा सरस आहे. तो एक कोठे गेला, हे मुलाला हातावर दिसते.

क्रिकेटच्या मैदानावर तर एकाच दिवसात त्याची दोन रूपे दिसतात. स्लिपमधल्या खेळाडूने झेल घेतला की पंच विचारात पडतात : चेंडू ‘कॅरी’ झाला का? म्हणजे टप्पा न पडता हातापर्यंत पोहोचला का? आणि सलामीचा फलंदाज शेवटचा गडी बाद होईपर्यंत नाबाद राहिला, तर त्याने आपली बॅट ‘कॅरी’ केली म्हणतात. कसोटी सामन्यात हा मान मिळवणारा पहिला भारतीय म्हणजे आपला सुनील गावसकर. १९८३ च्या जानेवारीत पाकिस्तानात फैसलाबाद येथे त्याने नाबाद १२७ धावा केल्या.

शब्दाचे कुळ पाहू गेल्यास ते गाडीवाल्याचे आहे. लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे चाकांची गाडी. रोमन लोकांनी तो शब्द गॉल लोकांकडून घेतला. फ्रान्सच्या उत्तरेकडील बोलीत त्यावरून ‘गाडीतून नेणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात उतरले. आपण रोज उच्चारतो ती ‘कार’ याच घराण्यातली; ‘कार्गो’ आणि ‘चार्ज’ ही भावंडे; मुलांच्या ज्या ‘करिअर’ची आईबापांना रात्रंदिवस काळजी, तेही मुळात गाडीवाटच. ही वंशावळ श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे न्यायालयात साक्षीला येणार आहे.

आता त्या खटल्याकडे वळू. अमेरिकेत १९६८ साली बंदुकांवर नियंत्रण ठेवणारा एक कायदा झाला. त्यातील एका कलमाने, पुढे दुरुस्त होऊन आलेल्या रूपात, असे ठरवले की अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना आणि त्या संबंधात जो कोणी बंदुकीचा ‘युज’ करील किंवा ती ‘कॅरी’ करील, त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेशिवाय निदान पाच वर्षांचा तुरुंगवास भोगावा लागेल. वाक्य सोपे, क्रियापदे दोन, दोन्ही पहिल्या पुस्तकातली. भांडण लागले ते त्यांच्याच अर्थावरून.

प्रथम ‘युज’ची पाळी आली. फ्लॉरिडात एकाने आपली स्वयंचलित बंदूक देऊन बदल्यात कोकेन घेण्याचा सौदा मांडला. समोरचा गिऱ्हाईक वेषांतर केलेला पोलीस निघाला. बंदूक कोणावर रोखली नव्हती की झाडली नव्हती. तिचा ‘वापर’ झाला का? १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, झाला. देवघेवीसाठी वापरणे हेही वापरणेच. बंदूक स्वयंचलित असल्यामुळे शिक्षा पाच वर्षांची नव्हे, तीस वर्षांची होती. विरोधी न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारले ते कोणाही मराठी माणसाला पटेल : तुम्ही काठी वापरता का, असे विचारले तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात शोभेला टांगली आहे काय, असा त्याचा अर्थ होतो का? काठी टेकून चालता का, एवढेच विचारणाऱ्याला हवे असते.

दोन वर्षांनी, १९९५ च्या डिसेंबरात, न्यायालयाने ‘युज’ला लगाम घातला. एका आरोपीचे पिस्तूल मोटारीच्या डिकीत होते, दुसऱ्या खटल्यात पिस्तूल कपाटातल्या कुलूपबंद पेटीत होते. न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की नुसते जवळपास असणे म्हणजे वापर नव्हे. शस्त्र प्रत्यक्ष कामी आणले पाहिजे. सरकारी वकिलांचे एक क्रियापद असे हातचे गेले. मग त्यांनी दुसऱ्याचा पदर धरला : वापरले नसेल, पण ‘कॅरी’ तर केले ना?

१९९८ च्या जूनमध्ये हा प्रश्न निकालात निघाला. एक मनुष्य आपल्या ट्रकमधून गांजा विकायला गेला होता आणि त्याचे पिस्तूल ट्रकच्या पुढच्या खणात कुलपात होते. जोडीच्या खटल्यातील दोघांच्या बंदुका मोटारीच्या डिकीत होत्या. अंगावर कोणाच्याही नव्हत्या. पाच न्यायाधीश म्हणाले, ही बंदूक ‘कॅरी’ केलेलीच आहे. चार म्हणाले, नाही.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिला, आणि तो वाचताना आपण न्यायालयात आहोत की ग्रंथालयात, असा भ्रम होतो. त्यांनी कोश उघडले. शब्दाचा जन्मच गाडीत झाला हे दाखवले. मग बायबल काढले, ‘रॉबिन्सन क्रूसो’ काढले, ‘मोबी डिक’ काढले, आणि रथातून, नावेतून, हातगाडीतून वस्तू व माणसे ‘कॅरी’ होतात याचे दाखले दिले. तेवढ्यावर न थांबता वर्तमानपत्रांतून शस्त्र, वाहन आणि हे क्रियापद एकत्र आलेली वाक्ये शोधली, आणि एक तृतीयांशाहून अधिक वाक्यांत गाडीतून नेण्याचाच अर्थ असावा, असे लिहिले.

विरोधी मत न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे. त्यांनी प्रथम साधी विचारणा केली की मग उरलेल्या दोन तृतीयांश वाक्यांत काय अर्थ होता? नंतर त्यांनीही आपली पुस्तके काढली. थिओडोर रूझवेल्टची हातात सोटा बाळगण्याची प्रसिद्ध शिकवण आणली आणि, श्रोतेहो, कोरियन युद्धावरील ‘मॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेतील एका डॉक्टरालाही साक्षीला उभे केले. तो डॉक्टर हट्टाने सांगतो की मी पुस्तके ‘कॅरी’ करीन, गाण्याचा सूर ‘कॅरी’ करीन, आणखी वाटेल ते करीन, पण बंदूक करणार नाही. बंदुकीच्या संगतीत हा शब्द आला की सामान्य माणूस अंगावर, हाताशी असलेली बंदूकच समजतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बाजूने रेनक्विस्ट आणि स्कॅलिया हे पुराणमतवादी समजले जाणारे न्यायमूर्ती उभे राहिले. तेव्हा भांडण पक्षांचे नव्हते, खरोखरच शब्दाचे होते.

आमचे मत विचाराल तर ते गिन्सबर्गबाईंच्या बाजूचे आहे. ब्रेयर यांनी सिद्ध केले ते इतकेच, की या शब्दाचा असा अर्थ होऊ शकतो. त्याबद्दल वाद कोणाला आहे? वाद होता तो या वाक्यात कोणता अर्थ घ्यावा याचा, आणि तेथे रथ आणि हातगाडी कामाची नाही. शिवाय शिक्षेचा कायदा संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ आरोपीच्या बाजूने घ्यावा, हा इंग्रजी न्यायपद्धतीचा जुना दंडक आहे. जेथे नऊ पंडितांचे पाच आणि चार होतात, तेथे संदिग्धता सिद्ध करायला आणखी कोश कशाला हवेत?

मराठीत हा खटला कसा चालला असता, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे या एका शब्दाच्या जागी तीनचार उभे आहेत. गाडीतून ‘नेणे’ वेगळे, डोक्यावर ओझे ‘वाहणे’ वेगळे, आणि शस्त्र ‘बाळगणे’ त्याहून वेगळे. आपल्या मराठी कायद्याने ‘नेणे’ लिहिले असते तर ब्रेयर जिंकले असते, ‘अंगावर बाळगणे’ लिहिले असते तर गिन्सबर्ग. म्हणून भाषांतरकाराने येथे कोशातला पहिला अर्थ उचलणे म्हणजे निकाल आधीच देऊन टाकणे होय. अर्थात मराठीने फुशारून जाऊ नये. आपले ‘वाहणे’ काय कमी आहे? नदी वाहते, देवाला फूल वाहतो, काळजी वाहतो, आणि भावनेच्या भरात वाहवत जातो. या शेवटच्या ठिकाणी इंग्रजही ‘कॅरी’च वापरतो, हा दोन्ही भाषांचा गमतीचा मिलाफ. उलट ‘कॅरीबॅग’ आपण इतकी आपलीशी केली की भाजीवालीलाही तिला दुसरे नाव सुचत नाही, आणि लग्नातल्या मुली जड शालू ‘कॅरी करता येत नाही’ म्हणतात. ‘पेलत नाही’ हा अस्सल शब्द त्यांच्या आजीच्या तोंडी अजून आहे.

आपल्या कायद्यांची भाषा मात्र याबाबतीत सावध दिसते. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्यावाचून बंदूक मिळवणे, ताब्यात ठेवणे आणि ‘कॅरी’ करणे या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. ताबा वेगळा सांगितल्यामुळे डिकीतल्या बंदुकीवर नऊ न्यायाधीशांना बायबल उघडावे लागत नाही. आणि सणासुदीच्या दिवसांत पोलिसांचे मनाई हुकूम निघतात ते ज्या १९५१ च्या मुंबई, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली, त्यात तलवारी, भाले, सोटे, सुरे, लाठ्या अशी नावानिशी यादीच दिलेली आहे.

अमेरिकेनेही शेवटी तोच मार्ग धरला. निकालानंतर पाच महिन्यांनी, १९९८ च्या नोव्हेंबरात, काँग्रेसने कलमात दुरुस्ती करून गुन्ह्याला साहाय्य व्हावे म्हणून बंदूक ‘ताब्यात ठेवणे’ हे तिसरे शब्द घातले. ‘युज’चा झगडा मात्र पुढेही चालला. २००७ साली उलटा खटला आला : अमली पदार्थ देऊन ज्याने बंदूक घेतली, त्याने ती वापरली का? न्यायालय म्हणाले, नाही. म्हणजे एकाच सौद्यात बंदूक देणारा ती वापरतो आणि घेणारा वापरत नाही! गिन्सबर्गबाईंनी त्या वेळी वेगळे लिहून ठेवले की १९९३ चा निकालच रद्द करावा. १९९३ साली त्या न्यायालयावर नव्हत्या. दोन महिन्यांनी आल्या.