पत्रांतून खेळलेला सामना



आंतरशालेय बुद्धिबळ सामन्यांच्या जोड्या जाहीर झाल्या, की पालकांची नजर प्रथम जाते ती समोरच्या संघाच्या गुणांकनाकडे. ते स्वाभाविकच आहे. एलो पद्धतीचा हिशेब असा, की दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल तर दुबळ्याच्या वाट्याला १०० डावांत सरासरी २४ गुण येतात. अंतर ४०० चे असेल तर जेमतेम ९. चार पटांच्या सामन्यात प्रत्येक पटावर २०० ने मागे असलेल्या संघाने एखाद्या गुणाची आशा धरावी, असे गणित सांगते. मग मुलांना हरण्यासाठीच न्यायचे काय, असा प्रश्न मनात येतो. या प्रश्नाच्या निमित्ताने दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सामन्याची हकिगत सांगण्याजोगी आहे.

१८२४ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळाने लंडनच्या मंडळाशी टपालाने सामना मांडला. लंडनचे मंडळ १८०७ पासूनचे. विल्यम लुईससारखा ग्रंथकार खेळाडू आणि जॉन कॉक्रेनसारखा आक्रमक प्रतिभेचा बॅरिस्टर त्याच्या पदरी. एडिंबरोचे मंडळ १८२२ मध्ये निघालेले, म्हणजे अवघ्या दोन वर्षांचे. दिवसाचा कामधंदा आटोपल्यावर संध्याकाळी पटाभोवती जमणाऱ्या हौशी मंडळींचे ते मंडळ. जाणकारांनी पैज लावली असती तर ती कोणाच्या बाजूने, हे सांगायला नको.

दोन्ही शहरांत सुमारे ४०० मैलांचे अंतर. तेव्हा आगगाडी नव्हती आणि तारयंत्रही नव्हते. चाल कागदावर लिहायची, पाकीट बंद करायचे आणि टपालाच्या घोडागाडीची वाट पाहायची. या रीतीने पाच डाव खेळले गेले आणि त्यांना चार वर्षे लागली. पण हा संथपणाच एडिंबरोकरांच्या कामी आला. पत्र आले, की पट मांडायचा. कोणी घोडा पुढे काढावा म्हणे, कोणी उंट मागे घ्यावा म्हणे. प्रत्येक सूचनेतले व्यंग दुसऱ्याने शोधायचे आणि जी चाल साऱ्यांच्या आक्षेपांना पुरून उरेल ती पाठवायची. एकेकटे कॉक्रेनसमोर बसते, तर त्यांपैकी बहुतेकांचा निभाव लागला नसता, हेही मान्य केले पाहिजे. एकत्र बसून एकमेकांच्या चुका मुकाट्याने ऐकून घेणे फार अवघड असते. एका घरातल्या माणसांनाही ते साधत नाही.

सामना चालू असतानाच कॉक्रेन हिंदुस्थानात निघून गेला. लंडनकडे इतर समर्थ खेळाडू होते; तरीही एका प्रतिभावंतावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न त्या मंडळाला पडलाच असेल. पुढे लंडनने पाठवलेली एक चाल मागे घेऊ द्यावी अशी विनंती केली आणि एडिंबरोने ती नाकारली. यात कोणाला खिलाडूपणाची उणीव दिसेल. परंतु पटावर बोट लावलेले मोहरे हलवावे लागते, मग टपालात पडलेली चाल तरी परत कशी घ्यावी? प्रबळ पक्षाला नम्रपणे ‘नाही’ म्हणणे हे त्या धाकट्या मंडळाने चारही वर्षांत केलेले बहुधा सर्वांत धाडसाचे काम असावे.

१८२८ मध्ये सामना संपला. एडिंबरोने दोन डाव जिंकले, एक गमावला, दोन बरोबरीत सुटले. त्यांना मिळालेला चांदीचा चषक आजही त्या मंडळाकडे आहे. तिसऱ्याच चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकण्याच्या प्रारंभाला जगभर ‘स्कॉच’ म्हणतात, तेही याच सामन्यामुळे. चाल पूर्वीही ठाऊक होती; नाव मात्र हौशी मंडळींनी मिळवून दिले.

आणि कॉक्रेन? तो कलकत्त्यात वकिली करीत राहिला. तेथे १८४८ च्या सुमारास त्याची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी पडली. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, किल्लेकोटाची रीतही निराळी. अशा खेळात मुरलेल्या माणसाने युरोपीय नियमांनी, युरोपातील नामांकित खेळाडूसमोर बसायचे होते. बॅनर्जी जिंकले त्याहून अधिक डाव हरले. पण ते पुन्हा पुन्हा बसत राहिले, आपल्याच ढंगाने प्यादी एकेक घर सरकवीत, उंट कोपऱ्याकडून कर्णावर रोखून धरीत. कॉक्रेनने ते डाव टिपून ठेवले, त्यांपैकी काही इंग्लंडात छापून आले आणि त्या मांडणीच्या बचावांना पुढे ‘इंडियन’ हे नाव पडले. आज विश्वविजेतेपदाच्या लढतीतही ते बचाव खेळले जातात.