दुखण्यावरची गोळी



कांद्याची लागण उरकली, की आपल्यापैकी बहुतेकींची कंबर धरते. मग दुकानातून गोळी आणवायची, चहाबरोबर गिळायची आणि पुन्हा कामाला लागायचे! ही गोळी पोटात जाऊन करते तरी काय, एवढेच आज मी सांगणार आहे.

शरीराला इजा झाली, की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे ती जागा सुजते व ठणकते. ती द्रव्ये तयार करण्याचे काम कॉक्स नावाचे एन्झाइम करते. गोळी त्याचेच काम अडवते. हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले. पुढे १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

परंतु कॉक्स दोन प्रकारचे आहे. दुसरे मुख्यतः सुजेच्या जागी वाढते. पहिले मात्र रोजच कामावर असते. जठराचे अस्तर आम्लापासून तेच जपते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पाळीच्या दुखण्यावरचे मेफेनॅमिक अ‍ॅसिड यांची कुळे निराळी, पण ती दोन्हींना अडवतात. म्हणून कंबर राहते आणि पोटात जखम होते! एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या दुसऱ्यालाच अधिक अडवतात. त्या पोटाला सौम्य, पण हृदयविकार असणाऱ्यांस धोक्याच्या. पॅरासिटामॉल या घराण्यातले नव्हे. ते ताप व दुखणे कमी करते, सूज उतरवीत नाही. मात्र अति घेतल्यास यकृत बिघडते.

या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. आमच्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडे उतरत. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे २००४ साली उघडकीस आले. २००६ साली भारतात हे औषध जनावरांसाठी बंद झाले. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरे. तरी मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणारीने, आणि गरोदर बाईने, डॉक्टरांना विचारल्यावाचून ही गोळी घेऊ नये. डेंग्यूच्या तापात तर मुळीच नको.

जेवून घेतली म्हणजे भीती संपली, असेही नाही. कारण गोळी रक्तात मिसळूनही जठराला बाधते. या घराण्यातल्या दोन गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भगिनींनो, सगळ्यांचे जेवण झाल्यावर आपण जेवतो आणि आपले दुखणे गोळीखाली झाकतो. ठणका ही शरीराने मारलेली हाक आहे. तिला एकदा तरी ओ द्यावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेते.