उगवतीचा आजार

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतातील लोकांना आपण 'खोसा' म्हणतो, ते केवळ आपल्या जिभेच्या सोयीसाठी. टांगेवाला घोडा हाकताना जिभेच्या कडेने जो 'टक्क' आवाज काढतो, त्यानेच मूळ शब्दाचा आरंभ होतो. तो आवाज देवनागरीत बसत नाही; आणि या लोकांच्या मनोव्याधीविषयीच्या कल्पनाही आपल्या 'वेड' या एका शब्दात बसत नाहीत.

एखादी घरंदाज स्त्री एकाएकी अबोल होते. अन्न जात नाही, एकांत हवासा वाटतो, स्वप्नांत वाडवडील दिसतात, कोणी हाका मारल्याचा भास होतो. डोके फिरले, असे आपण म्हणू. खोसा कुटुंब मात्र विचारते, हे आले कोणाकडून? कोणाच्या करणीमुळे आले असेल, तर ते 'अमाफुफुन्याना'. अशा माणसाच्या तोंडून परके आवाज बोलतात व ते घालवावे लागतात. पण पूर्वजांकडून आले असेल, तर ते 'उकुथ्वासा'. नव्या चंद्राच्या उगवण्याला जो शब्द, तोच या आजाराला! हा आजार घालवायचा नसतो, पत्करायचा असतो. ती स्त्री एखाद्या जाणत्या वैद्याकडे शिष्य म्हणून राहते. अंगाला पांढरी माती लावते, पांढरे मणी घालते. रात्री नाचगाण्याच्या व टाळ्यांच्या मेळ्यात ती आपली स्वप्ने सर्वांसमक्ष सांगते. अखेर ती स्वतःच वैद्य होते.

हे सारे शास्त्र म्हणून स्वीकारावे, असे माझे म्हणणे नाही. स्किझोफ्रेनियासारख्या विकारात औषधाला झालेला विलंब फार महाग पडतो. तेथील २००७ च्या कायद्याने या वैद्यांना मान्यता दिली, तरी ही अडचण कायद्याने सुटणारी नव्हे. पण रोग्याला माणसांतून न उठवण्याची ही रीत मला मोलाची वाटते.

उलट रीत कशी असते, ते नोंतेथा न्क्वेंक्वे या खोसा स्त्रीने भोगले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून ती वाचली. तापात पडलेल्या स्वप्नांच्या आधारे ती दारू सोडा, एक व्हा, असा उपदेश करू लागली. लोकांनी तिला द्रष्टी मानले. गोऱ्या सरकारने १९२२ साली वेड्यांच्या इस्पितळात घातले, व पुढे दूर प्रिटोरियाला हलविले. १९२७ साली तिचे अनुयायी तिच्यासाठी पायी प्रिटोरियाला गेले. सुटका झाली नाही. १९३५ साली ती तेथेच वारली, आणि तिला बेवारशी थडग्यात पुरले. १९९८ साली तिच्या अस्थी शोधून गावी आणल्या, तेव्हा तिचे अनुयायी अजून वाट पाहत होते.