उत्पन्नाचा दाखला आणि गटाराचं झाकण

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत माल उतरवतो. मॅट्रिक पास आहे. पाळी सुटल्यावर कविता लिहितो. आज कविता वाचणार नाही, कायद्यावर बोलणार आहे. वकील नसलेल्यानं कायद्यावर कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. पण पोत्याचं वजन ज्याच्या पाठीवर पोतं असतं त्यालाच कळतं.

2024 च्या उन्हाळ्यात माझा चुलता गटारात उतरला तो वर आलाच नाही. पावसाळ्याआधीची सफाई चालली होती. गटार नगरपालिकेचं, मुकादम कंत्राटदाराचा. तोंडाला मास्क नाही, कमरेला दोर नाही. वायूनं माणूस आतच आडवा झाला. नगरपालिका म्हणाली, हा आमचा कामगारच नव्हे. कंत्राटदार पन्नास हजारांचं पाकीट घेऊन आला आणि काकीचा अंगठा मागू लागला. काकी म्हणाली, "माणूस परत आन, मग अंगठा घे."

आता कायदा बघा. 2013 च्या कायद्यानं असं माणूस गटारात उतरवणं हाच गुन्हा आहे. 2014 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. 20 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टानं रक्कम तीस लाख केली. छान. पण हे तीस लाख कागदावर झोपलेत. ते काकीच्या पदरात पाडायचे तर नगरपालिकेला कोर्टात खेचावं लागतं. त्याला वकील लागतो. वकील आधी फी सांगतो.

म्हणून आम्ही विधी सेवेच्या ऑफिसात गेलो. तिथं मोफत वकील मिळतो असं ऐकलं होतं. टेबलामागचा बाबू म्हणाला, "उत्पन्नाचा दाखला आणा." तहसीलला तीन खेपा झाल्या, माझे तीन खाडे पडले, दाखला नाही. चौथ्या खेपेला बाबूनं मान वर केली. "अहो बाई, सरकारी संस्थेवर केस करायला सरकार कुठनं वकील देणार?"

साला, बोलणं पटण्यासारखं वाटलं! तिथंच आपण मरतो. बाबूचं बोलणं पटतं आणि आपण चपला घालतो.

त्या रात्री मी कायदाच वाचायला घेतला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चा, अंमलात आला 1995 ला. त्याच्या मुळाशी घटनेचं 39-अ कलम आहे, 1976 साली घातलेलं. गरिबीमुळे न्याय कुणाला नाकारला जाऊ नये, असा त्याचा अर्थ. कायद्याचं 12 वं कलम सांगतं की वकील कुणाला मिळतो. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस. बाई. लहान मूल. अपंग. वेठबिगार. जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप ह्यात सापडलेला. कारखान्यातला कामगार. कोठडीतला माणूस. ह्यांतल्या एकालाही उत्पन्नाची अट नाही! ती अट यादीच्या शेवटी आहे, वरच्या कुठल्याच खान्यात न बसणाऱ्यासाठी. त्यालासुद्धा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरू शकतं, हे 13 व्या कलमात आहे.

काकी तर दोन दारांनी आत येते, जातीनं आणि बाई म्हणून. ज्या जातीनं चुलत्याला गटारात उतरवलं, त्याच जातीचा दाखला काकीला कोर्टाच्या पायरीवर चढवतो. आणि समोर सरकार किंवा नगरपालिका असेल तर वकील नाही, असं 12 व्या कलमात कुठंही लिहिलेलं नाही. बाबूनं ते स्वतःच्या डोक्यातनं काढलं.

पण भाबडे होऊ नका. 13 व्या कलमात एक उंबरठा आहे. तुमच्या केसमध्ये प्रथमदर्शनी दम आहे असं त्या ऑफिसला वाटलं पाहिजे. वाटणं त्यांच्या हातात, कागद आपल्या हातात. म्हणून एफआयआर, पोस्टमार्टेम, हजेरीची वही, सोबत उतरलेल्यांचे जबाब, सगळं पहिल्या दिवसापासून गोळा करा. नकार दिला तर लेखी मागा आणि त्यावर अपील करा. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दोन महिने आधी नोटीस लागते. हायकोर्टातल्या रिटला ती लागत नाही. हे वकिलाला विचारायला लाजू नका. आणि लोकअदालतीत "मिटवून टाका" म्हणाले तर सही करण्याआधी दहादा विचार करा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तीस लाखांचं प्रकरण दोन लाखांत मिटवलं तर वर दाद मागायला जागा राहत नाही.

आणि ह्या कायद्याला माझा एक सवाल आहे. वकील मोफत, कोर्ट फी मोफत. पण तारखेला जायचं तर खाडा पडतो. तो खाडा कोण भरणार? ज्याच्या घरी रोज चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला पुढची तारीख म्हणजे उपास.

महाडच्या तळ्याचा दावा 1927 ला लागला आणि हायकोर्टाचा निकाल 1937 ला आला. पाण्याच्या घोटासाठी दहा वर्षं. आपल्या बाजूला तेव्हा स्वतः बाबासाहेब बॅरिस्टर होते. काकीच्या बाजूला कोण आहे? काकीच्या बाजूला कायद्याचं एक कलम आहे आणि ते मोठ्यानं वाचून दाखवणारा तुमच्यापैकी कुणीतरी असला पाहिजे.

आम्ही परत गेलो. ह्या वेळी पाच जण होतो. मी टेबलावर कायद्याचं पुस्तक उघडून ठेवलं, 12 व्या कलमावर बोट ठेवलं. बाबूनं अर्ज घेतला, पोच दिली. वकील मिळाला. केस चालू आहे, पैसे अजून नाहीत. मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगायला आलो नाही.

मी मागणी घेऊन आलोय. प्रत्येक वस्तीतनं दोन पोरांनी हे 12 वं कलम पाठ करावं. काकीसारखी बाई ऑफिसात निघाली की सोबत जावं. खाडा पडेल. आपण आळीपाळीनं पाडू. गोदीत जड पेटी एकटा उचलत नाही कुणी.

जय भीम.