हुर्यो कुणाची उडवायची?



  क्रीडालेखकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षभरातल्या क्रीडालेखनाचा आढावा घ्यावा अशी समितीची अपेक्षा आहे. लेखन भरपूर झालं, त्यातलं काही चांगलं होतं. आढावा संपला.

आता मनातलं बोलतो. सकाळच्या परिसंवादात एक वक्ते म्हणाले, ‘चाहत्याला काय कळतं?’ आणि टाळ्या पडल्या. उमेदीची वर्षं मी अमेरिकेत राहून तिथल्या फुटबॉलवर मराठीत लिहिलं (वाचक किती होते ते विचारू नका). हे वाक्य मी तिथेही फार ऐकलं आहे.

त्या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा. कॉलेजांतली अशी मुलं एनएफएलचे, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचे, संघ दर एप्रिलला ड्राफ्टमध्ये निवडतात. आधीच्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी पहिली. त्याआधी इंडियानापोलिसला रीतसर कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो. उंची मोजतात, हाताचा पंजा मोजतात, चाळीस यार्ड पळवतात, खोलीत बसवून प्रश्न विचारतात. चाहत्यानं यातलं काही केलेलं नसतं. त्यानं पोराला दर शनिवारी खेळताना पाहिलेलं असतं, एवढंच.

दोघांच्या नजरेत फरक आहे, हे मला मान्यच आहे. मिडवेस्टमधल्या एका कॉलेजच्या स्टेडियममध्ये एक मुरलेला स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा, माझ्या शेजारी बसला होता. क्वार्टरबॅकनं फेकलेला चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. स्काउटनं मात्र वहीत पोराच्या बाजूनं खूण केली. का, म्हणून विचारलं. म्हणाला, ‘चूक झेलणाऱ्याची. तो आत वळायच्या जागी बाहेर वळला. पोरगं मात्र अंगावर गडी धावून येत असताना पाय रोवून उभं होतं, नजर हलली नाही.’ चेंडू कुठे पडला हे चाहता पाहतो, तो कुठून आणि कसा निघाला हे स्काउट पाहतो. 

पुढे काही वर्षांनी तोच स्काउट भेटला. मी त्या पोराचं नाव काढलं. त्याला आठवेना. जुन्या अहवालांचं काय करता, असं विचारलं तर हसला. ‘पुढच्या वर्षीची मुलं उभी असतात ना!’

माझं दुखणं ते हे: चाहत्याची चूक सगळ्यांच्या लक्षात राहते, जाणकाराची विसरली जाते. १९९९ च्या ड्राफ्टला फिलाडेल्फियाचे चाहते न्यूयॉर्कला गेले आणि आपल्याच संघानं दुसऱ्या क्रमांकावर डॉनोव्हन मॅकनॅब घेतला म्हणून त्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांना चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हवा होता. मॅकनॅबनं पुढे संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेलं आणि त्या चाहत्यांचं हसं आजही होतं. पण त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या पगारी जाणकारांनी त्याच विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या, वर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडही! चाहत्यांनी नुसता आरडाओरडा केला होता, यांनी घर रिकामं केलं. एकाच मताला गॅलरीत अडाणीपणा म्हणायचं आणि कार्यालयात धाडस, हा कुठला न्याय?

मॅकनॅबला त्या सुपर बोलमध्ये हरवलं टॉम ब्रेडीनं. २००० साली त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते; त्याचा क्रमांक लागला १९९ वा. चाळीस यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले होते, हे आज शाळकरी पोरंही सांगतात. पण त्याला खालची श्रेणी देणाऱ्या सह्या कुणाच्या, हे कोण सांगेल? २०१७ ला शिकागोनं दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्की घेतला, पॅट्रिक महोम्स दहावा गेला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये महोम्ससमोर उभा होता ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, म्हणजे २६२ वा!

स्काउटांच्या बाजूनंही बोलायला हवं. वायोमिंगच्या जॉश ॲलनच्या १०० फेकींपैकी जेमतेम ५६ झेलल्या जात. बफलोनं २०१८ ला त्याला सातवा घेतला तेव्हा चाहत्यांनी कपाळाला हात लावला. २०२४ च्या हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्काउटांना मोजता येतं, दिसतंही. फक्त जुना हिशेब कधी मांडायचा नसतो.

आणि आपण तरी काय करतो? एकोणीस वर्षांच्या गोलंदाजावर भाकीत छापतो आणि पुढच्या हंगामात ते विसरतो. म्हणून माझी सूचना: आपल्या संघटनेनं एक वही ठेवावी. भाकीत, तारीख, सही. आणि पाच वर्षांनी जाहीर वाचन. वही कुणाकडे राहील, वाचन कुठे होईल, हे कार्यकारिणीनं बघावं, मला त्यातलं कळत नाही. वहीत चाहत्यांनाही लिहू द्या, त्यांच्यासाठी वेगळं पान नको. आणि ‘चाहत्याला काय कळतं’ म्हणणाऱ्या वक्त्यांनी कृपा करून पहिली सही करावी.